कानात सांगायची गोष्ट

तीस वर्षं मी लोकांच्या छातीला रबरी फुगे लावून त्यांच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. मला सगळे ‘पट्टीवाले काका’ म्हणायचे. मी काही डॉक्टर नव्हे. पट्टी काढायची, फाडायची, डॉक्टरांच्या हातात द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम. त्यातलं शेवटचं मला फार छान जमायचं. बायको म्हणायची, तुम्हाला पगार गप्प बसण्याचाच मिळतो. तेव्हा मी हसायचो. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

पण सांगायचं आहे ते नोंदताईंबद्दल.

नोंदताई म्हणजे आमच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या, तातडीच्या विभागाच्या, दारातल्या नोंदणी खिडकीवरच्या बाई. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कोणाला आठवायचं नाही. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या नोंदताईच. समोर काच, काचेला बोलण्यासाठी पाडलेलं वाटीएवढं भोक, आणि भोकापलीकडे कपाळावर चष्मा सरकवून बसलेल्या ताई. कोणी रांग मोडून अंगावर आलं की म्हणायच्या, “या, आणखी पुढे या, माझ्या मांडीवरच बसा.” आलेल्याचं नाव, वय, पत्ता आणि काय झालं ते केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहायचं हे त्यांचं काम. अक्षर असं की आंधळ्यानेही हात फिरवून वाचावं. एका मोठ्या सर्जनला त्या तोंडावर म्हणाल्या होत्या, “तुम्ही लिहिलेलं फक्त औषधवाल्याला कळतं, आणि तोही अंदाजानेच देतो.” सर्जन बिचारा हसला. ताईंवर कोणी रागवत नसे.

आमच्याकडे रविवारी दुपारी एक वेगळीच गर्दी यायची. वीस-पंचविशीची पोरं-पोरी, क्वचित चाळिशीचा एखादा, डोळ्यांवर काळा चष्मा, दात एकमेकांवर घासत असलेले, घामाने निथळलेले. शनिवारची मजा रविवारी आमच्या दारात. कोणी पावडर नाकाने ओढलेली असायची, कोणी गोळी जिभेखाली ठेवलेली. नाचून झालेलं, हसून झालेलं, आणि आता छातीत कोणी तरी कोंडल्यासारखं धडका देतंय. सोबत आलेला मित्र दोन पावलं लांब उभा राहणार आणि आपण विचारायच्या आत सांगणार, “काही घेतलेलं नाही हं तिने.” बँकेतला कारकून आला, फरशी बसवणारा आला, शाळेतली बाई आली. मी सगळ्यांच्या पट्ट्या काढल्या. नाडी दीडशेच्या पुढे आणि डोळ्यांतली बाहुली बटणाएवढी. मला विचारायची गरजच पडत नसे.

नियम असा होता की केसपेपरवर ‘नशा’ लिहिलं की त्याची एक चिठ्ठी पोलीस चौकीला जायची. चौकीचा हवालदार दारातच खुर्ची टाकून बसलेला असायचा. ताई नोकरीला नव्या होत्या तेव्हा त्यांनी नियमाने लिहिलं होतं. एक कॉलेजचा मुलगा, परीक्षेच्या तोंडावर जागता यावं म्हणून गोळ्या घेतलेला. ताईंनी सुवाच्य अक्षरात ‘नशेच्या गोळ्या’ लिहिलं. चिठ्ठी चौकीला गेली, चौकीतून कॉलेजला कळलं, कॉलेजने काढून टाकलं, आणि मुलगा एक दिवस घरातून निघून गेला तो परत आलाच नाही. त्याचे वडील पुढे कित्येक वर्षं दर महिन्याला खिडकीशी यायचे. एवढंच विचारायचे, “बेवारस कोणी आणलंय का, उंच, डाव्या भुवईवर खूण?” ताई नाही म्हणायच्या. ते “बरं” म्हणून जायचे. कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यानेच ताई जास्त खचल्या.

त्यानंतर ताईंनी ‘नशा’ हा शब्द कधी लिहिला नाही. ‘जागरण.’ ‘उपाशीपोटी चक्कर.’ ‘घाबरल्यामुळे धडधड.’ असं काही तरी मऊ लिहायच्या, आणि मग खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावून आत येऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या कानात खरं काय ते सांगायच्या. कागदावर एक, कानात दुसरं. डॉक्टर कानातलं ऐकून औषध द्यायचे आणि कागदावरचं तसंच पुढे उतरवायचे. आमचे थोरले डॉक्टर, म्हणजे विभागाचे प्रमुख, सगळं ठाऊक असून कानाडोळा करायचे. हळूहळू ती पद्धतच पडली. कोणी ठरवली नाही, कोणी मोडली नाही. शेकडो पोरं घरी गेली, त्यांच्या नोकऱ्या टिकल्या, लग्नं झाली. आया येऊन काचेच्या भोकातून ताईंचा हात धरायच्या. मलाही वाटायचं की या बाईने पुण्य कमावलंय.

ताईंना एक बहीण होती. ताईंपेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणून छोटी. आई गेली तेव्हा छोटी सहा वर्षांची होती. वडील आधीच गेलेले. ताईंनी तिची वेणी घातली, तिची शाळा केली, तिच्यासाठी लग्न केलं नाही. “राहून गेलं,” असं त्या म्हणायच्या, पण राहून कसं जातं ते आम्हाला दिसत होतं. तळहाताच्या फोडासारखं जपलं पोरीला. छोटी मोठी झाली आणि पार्लरमध्ये केस कापायला लागली. हात असा की बायका तिच्या वेळेसाठी आठ-आठ दिवस थांबायच्या. बोलायला फटाकडी. खिडकीत डोकावून विचारायची, “नोंदताई, माझी एक नोंद करा, भुकेने मरतेय,” आणि ताईंचा डबा उघडून बसायची.

माझ्या बायकोच्या आजारपणात औषधांनी तिचे केस गळायला लागले, तेव्हा छोटी आपणहून घरी आली. दोन तास बसली. आधी केस बारीक केले, मग अगदी काढून टाकले, आणि सगळा वेळ गिऱ्हाइकांच्या नकला करत राहिली. बायको त्या दिवशी पोट धरून हसली. त्यानंतर ती फार हसली नाही, आणि पुढच्या वर्षी गेलीच. म्हणून सांगतो, छोटी माझ्यासाठी कोणी परकी नव्हती.

पहिल्यांदा ती आली तेव्हा उन्हाची वेळ होती, अर्थात रविवार. दोन मैत्रिणी दोन्ही बाजूंनी धरून आणत होत्या. ताईंनी काचेतून पाहिलं आणि उभ्या राहिल्या. छोटी हसत होती आणि रडतही होती, दात घासत होती. मावशींनी पडदा ओढला, मी पट्टी काढली. नाडी एकशे साठ. पट्टी फाडून बाहेर आलो तर ताई पडद्याबाहेरच उभ्या. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आत गेल्या, केसपेपर घेतला आणि लिहिलं, ‘जागरण, घाबरल्यामुळे धडधड.’ माझ्या देखत लिहिलं. मग डॉक्टरांच्या कानाशी गेल्या. आजवर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जे केलं ते स्वतःच्या लेकरासाठी करायला त्यांचा हात कचरला नाही. मी कोण अडवणार!

दुसरी वेळ तीन महिन्यांनी. तिसरी त्यानंतर पाच आठवड्यांनी.

तिसऱ्या वेळी मी दोघींना टॅक्सीने घरी सोडलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर ताईंच्या अक्षरातली चिठ्ठी, मीठ, साखर, रवा. खिडकीत छोटीचं सरावाचं पुतळ्याचं मुंडकं, अर्धे केस कापलेलं. छोटी पलंगावर आडवी झाली आणि ताईंचा बांध फुटला.

“किती वेळा? मला एकदा सांग, आणखी किती वेळा?”

“ताई, ओरडू नकोस ना, डोकं फुटतंय.”

“मरशील एक दिवस! मी त्या खिडकीवर बसलेली असेन आणि तुला आडवी घेऊन येतील.”

छोटी उठून बसली. हसली. ते हसणं मला अजून दिसतं. “कशाने मरेन? तूच लिहितेस ना कागदावर. घाबरल्यामुळे धडधड. घाबरून कोणी मरतं का, ताई? तू सगळ्यांना लिहून देतेस. आमच्यात सगळे म्हणतात, काही झालं तर तिकडेच जायचं, तिथल्या बाई सांभाळून घेतात.”

ताईंनी हात उगारला. तो खाली आलाच नाही, तसाच हवेत राहिला. मग त्या मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मी एका हातात चपला घेऊन दारात उभा होतो. जाऊ की थांबू ते कळेना. शेवटी गेलो.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या खोलीत येऊन तपासायच्या पलंगावर बसल्या. म्हणाल्या, “काका, मी त्यांना वाचवत होते की वाट दाखवत होते?” मला खरं उत्तर सुचलं होतं. मी म्हणालो, “तुम्ही कशाला मनाला लावून घेता? चहा घ्या.” बघा, तेव्हाही मी तेच केलं.

पावसाळा संपता संपता थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि नवे डॉक्टर आले. शांत, हडकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “मी आधीचे कागद वाचल्याशिवाय पेशंटला हात लावत नाही. कागदावर जे असेल ते मी खरं मानणार. तेव्हा जे खरं तेच लिहा. एवढंच मागणं आहे.” यात वाईट काय आहे सांगा? एक शब्द वावगा नाही. इतक्या वर्षांत असा कागद वाचणारा डॉक्टर आम्ही पाहिलाच नव्हता. पण नोंदताईंचा चेहरा पांढरा पडला. शेकडो खोटे कागद वर रेकॉर्डच्या खोलीत पडले होते, सगळे त्यांच्या सुरेख अक्षरातले.

“सरांना सगळं सांगून टाका,” मी म्हणालो. हे मात्र मी म्हणालो होतो.

“सांगते. पण आधी छोटीची सोय लावते. व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळतेय का बघते. ती एकदा आत गेली, बरी व्हायला लागली, की मग मला काय करायचं ते करू दे त्यांना. आत्ता सांगितलं तर चौकशी लागेल, पोलीस घरी येतील, तिचं पार्लर सुटेल. मग ती कशाला धरून उभी राहील?”

“निदान तिचे तीन कागद तरी दुरुस्त करा.”

“करते, काका.”

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी, मंगळवारी, ताईंनी रजा काढली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या केंद्रात अर्ज भरायला गेल्या.

सकाळी अकराच्या सुमारास पार्लरची मालकीण छोटीला घेऊन आली. मंगळवार. म्हणजे आता शनिवारपुरतं राहिलं नव्हतं हे मला तिथेच कळलं. छोटीच्या अंगावर कामाचा एप्रन होता, हातांवर कोणाचे तरी कापलेले केस चिकटलेले. ओठ राखाडी. एक हात छातीवर दाबून धरलेला. मला पाहून कुजबुजली, “काका, ताईला नका सांगू हं. प्लीज.”

खिडकीवर बदलीचा माणूस होता. त्याने नावावरून आधीचे तीन कागद काढून आत पाठवले. मी पट्टी काढली. नाडी एकशे अठ्ठेचाळीस, एका ठिकाणी रेघ जरा वाकडी, पण थरथरत होती पोरगी, त्यामुळे नीट कळत नव्हतं. नव्या डॉक्टरांनी तिन्ही कागद नीट वाचले. एकेक ओळ. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

“या आधीही असं झालंय ना तुम्हाला. घाबरल्यासारखं होतं?”

“हो.”

“काही घेतलंय का? गोळी, पावडर? मी रागवणार नाही. खरं सांगा.”

मालकीण उशाशीच उभी होती, छोटीचा हात हातात घेऊन. छोटीने तिच्याकडे पाहिलं. “नाही डॉक्टर. झोप झाली नाही. मला ताणाने होतं असं. लिहिलंय ना त्यात.”

डॉक्टरांनी मान डोलावली. लिहिलंच होतं.

मी बाहेर पडलो आणि व्हरांड्यातून ताईंना फोन लावला. एका दमात सांगितलं.  पलीकडून त्यांचा धापा टाकल्यासारखा आवाज.

“मी निघते. टॅक्सी करते. तुम्ही काही बोलू नका, काका.”

“ताई, सरांनी कागद वाचलेत. त्यांना वाटतंय की—”

“मालकीण आहे ना तिथे? आणि दारात हवालदार. तुम्ही मोठ्याने बोललात की संपलं सगळं. इथे जागा मिळतेय, काका, सोमवारी घेतो म्हणालेत! मी येते आणि त्यांच्या कानात सांगते. नेहमीसारखं. वीस मिनिटं द्या मला. पाया पडते तुमच्या.”

“ताई...”

“वीस मिनिटांत काय होतंय?”

मी परत आत आलो. सिस्टर इंजेक्शन भरत होती. डॉक्टर छोटीला समजावत होते की नाडी फार पळतेय, जरा हळू करतो, म्हणजे बरं वाटेल. सुई वर धरून सिस्टरने हवा काढली. मला त्या इंजेक्शनातलं काही कळत नव्हतं, हे देवाशपथ खरं. पण एवढं कळत होतं की हा माणूस जे समजून देतोय ते खोटं आहे.

“सर,” मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली. सुई थांबली. मालकिणीनेही पाहिलं, छोटीनेही पाहिलं. छोटीने डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं.

“बोला, काका.”

शब्द तोंडात आला होता. अगदी दातांपर्यंत. त्यांच्या कानाशी जायला दोन पावलं पुरली असती.

“परत एक पट्टी काढू का?” मी विचारलं.

“इंजेक्शन झाल्यावर काढा,” ते म्हणाले.

सात-आठ मिनिटांनी छोटीने किंकाळी फोडली. मी पट्टी लावली तेव्हा आडवी रेघ उभी चढलेली होती. अशी पट्टी मी हार्ट अटॅक आलेल्या साठीच्या, सत्तरीच्या माणसांची पाहिली होती. ही तिशीचीही नव्हती. तिने माझ्या बाहीला धरलं, “काका, काका,” म्हणाली आणि डोळे फिरवले. यंत्र ओरडायला लागलं. डॉक्टर उडी मारून पलंगावर चढले आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले. तेव्हा, तेव्हा माझं तोंड उघडलं.

“सर, पावडर. ती पावडर घेते. आधीच्या तिन्ही वेळेलाही तेच होतं. कागदावर खोटं आहे.”

त्यांचे हात थांबले नाहीत. दाबता दाबताच त्यांनी विचारलं, “आधी का नाही सांगितलंत?” चिडून नव्हे हो. खरंच कळत नसल्यासारखं. मग भराभर दुसरी औषधं मागितली, झटके दिले, पुन्हा दाबायला लागले. मालकीण भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. दारातला हवालदारही आत आला होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

नोंदताई पोचल्या तेव्हा वीस मिनिटांची पस्तीस झाली होती. मुठीत केंद्राचा अर्ज, चष्मा कपाळावर. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. छोटीचा एक पाय खाली लोंबत होता, तो उचलून वर ठेवला. मग त्या डॉक्टरांच्या बाजूला गेल्या, टाचा उंचावल्या आणि त्यांच्या कानाला तोंड लावून सांगायला लागल्या. सगळ्या खोलीला ठाऊक झालं होतं तरीही कानातच सांगत होत्या. डॉक्टर दाबत होते, घाम टपकत होता, त्यांच्या हलण्याबरोबर ताईही हलत होत्या. बराच वेळ सांगत होत्या. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“हो,” ते म्हणाले. “कळलं मला.”

साडेबारा वाजून गेल्यावर त्यांनी हात थांबवले. ताईंनी त्यांचा दंड धरला. “आणखी थोडं,” म्हणाल्या. त्यांनी आणखी दहा मिनिटं केलं. मग खाली उतरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी छोटीच्या छातीवरचे फुगे काढायला गेलो. इतकी वर्षं काढत आलो, पण त्या दिवशी एकही निघेना. मावशींनी माझा हात बाजूला केला आणि त्यांनी काढले.

चौकशी झाली. ताईंनी स्वतःच बावीस पानं लिहून दिली, कोणाला कधी काय लिहिलं, आठवेल तेवढं सगळं. त्यांना घरी बसवलं. नव्या डॉक्टरांवर ठपका आला नाही, कागदावर जे होतं त्याप्रमाणे त्यांनी केलं होतं. तरी ते महिनाभर आले नाहीत, आणि आले तेव्हा वजन उतरलेलं होतं. मला समितीने विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हणालो. केव्हा सांगितलंत? मी म्हणालो, कळवायला जरा उशीर झाला. त्यांनी ‘उशीर’ लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी ताईंचा निरोप आला म्हणून मी त्या दोन खोल्यांत गेलो. ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. केस वाढलेले, विंचरलेले नव्हते. बसा म्हणाल्या नाहीत, पण मी बसलो.

“काका, सगळे येतात आणि म्हणतात, तेवढंच आयुष्य घेऊन आली होती. पार्लरची मालकीणही तेच म्हणाली. थोरले डॉक्टर येऊन गेले, तेही म्हणाले, ताई, कोणी काही करू शकलं नसतं. सगळे मला समजावतात. मला आता समजावणं नकोय. तुम्ही तिथे होतात. मी फोनवर गप्प राहा म्हणाले नसते, तर?”

मी तिथून उठून जाऊ शकलो असतो. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की त्या पावडरीने हृदयाची नळी आवळलेली असते आणि तशात ते इंजेक्शन ती आणखी आवळू शकतं. माहीत असतं तर दुसरं औषध दिलं असतं, नळी सैल करणारं, पेशंटला शांत करणारं. अशी पोरं बहुतेक घरी जातात. हे सगळं मी दोन महिने उराशी धरून बसलो होतो.

“वाचली असती,” मी म्हणालो. “बहुतेक वाचली असती.”

ताईंनी मान हलवली. रडल्या नाहीत.

“पण ते एकच नाही,” मी म्हणालो. “मी फोन ठेवून आत गेलो तेव्हा सुई भरलेली होती. मी ‘सर’ म्हणालो. सर थांबले, ताई. सुई थांबली. ‘बोला काका’ म्हणाले. आणि मी विचारलं, परत पट्टी काढू का.”

हे मी समितीला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा ओरडून त्याला वाट सांगत होता. तो आवाज थांबेपर्यंत त्या बघतच होत्या.

“म्हणजे आपण दोघांनी,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणालो.